काकू, मग समन्स पाठवायचं का?

पुणे, ऑगस्ट २०२५

महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ४८ आणि राज्यसभेत बसणाऱ्या १९, अशा सर्व ६७ खासदारांना,

सा. न. वि. वि.

मी नारायण पेठेत राहते. न्यायखात्यात लघुलेखक म्हणून ३४ वर्षं काढली आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले. साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे बोलतील ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि आपलं मत डब्यासारखं घरी ठेवून यायचं, अशी ती नोकरी. इतकी वर्षं घरी राहिलेलं मत आज या पत्रात मांडते आहे. थोडं लांबेल, सवड काढून वाचा.

८ मेच्या रात्री, पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, आमच्या इमारतीत कोणी झोपलं नाही. टीव्हीवाल्यांनी त्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त केलं होतं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं, पण रात्री आमच्या जिन्यात टाळ्या पडल्या होत्या. वरच्या मजल्यावरचा मुलगा हिंजवडीला कामाला आहे, स्वभावाने चांगला आहे, माझं गॅसचं बुकिंग तोच करून देतो. त्याला मी म्हटलं, "अरे, हे असं संपत नसतं. दहशतवादी पाठवणाऱ्यांना कोर्टात उभं करावं लागतं." तो हसून म्हणाला, "काकू, मग समन्स पाठवायचं का त्यांना?"

सगळे हसले. मीही हसले. पण तीन महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण त्याचं खरं उत्तर 'हो' असं आहे आणि ते द्यायला मी त्या रात्री कचरले.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली. त्यात आपल्या पुण्यातले दोघे होते. त्यांची अंत्ययात्रा पाहायला मी रस्त्यावर उभी होते, तेव्हा शेजारच्या बाईइतकाच माझाही हात शिवशिवत होता. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसं गेली, त्यांत परदेशातून आलेलेही होते. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक बॉम्ब फुटले. बालगंधर्वपासून गरवारे चौकापर्यंतचा तो रस्ता मी रोज चालत होते. जुलै २०१४ मध्ये फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात स्फोट झाला, तो तर आमच्या घरातून ऐकू आला. त्यामुळे 'तुमच्या घरचं कोणी गेलं असतं तर कळलं असतं' हे मला ऐकवू नका. दहशतवाद काय असतो ते या शहराला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

आणि युद्ध काय असतं तेही या शहराला ठाऊक आहे. लष्कराचं दक्षिण मुख्यालय इथं, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) इथं, दारूगोळ्याचा कारखाना खडकीत. त्याच खडकीत मणक्याला गोळी लागून कमरेखालचं शरीर गमावलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. राखीपौर्णिमेला शाळेच्या मुली तिथं जातात, मीही एकदा गेले होते. एका जवानाने राखी बांधून घेतली आणि विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी याल ना?" मी गेले नाही. हे लिहिताना लाज वाटते. जिन्यात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण गेले असतील, हाही प्रश्न आहेच. मे महिन्याच्या त्या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांखाली आपलीच साधी माणसं मेली, लेकरं मेली. त्यांच्यासाठी पुण्यात कुठं फलक लागलेला मी पाहिला नाही.

आता समन्सविषयी. ज्यांचं कोर्टाशी कधी काम पडलं नाही त्यांना वाटतं, समन्स म्हणजे नुसता कागद. माणूस तो घेत नाही, दार लावून आत बसतो. मग बेलिफ पंचांसमक्ष ते दारावर डकवून येतो. गल्लीतले लोक येता-जाता वाचतात, दुकानदार उधारी थांबवतो, जामीन राहायला कोणी तयार होत नाही, आणि एक दिवस तो स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसतो. दिवाणी दाव्यात मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे. फौजदारीत वॉरंट असतं, जप्ती असते, फरारी घोषित करणं असतं, पण तऱ्हा हीच. देशांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने असंच चालतं, फक्त गल्ली मोठी असते.

लिबियाचं उदाहरण घ्या. एप्रिल १९८६ मध्ये बर्लिनच्या एका डिस्कोत बॉम्बस्फोट झाला. अमेरिकेने दहा दिवसांत त्रिपोलीवर विमानं पाठवून बॉम्ब टाकले. धडा शिकवला, असं सगळे म्हणाले. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅमचं विमान फुटलं. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११, एकूण २७० जण गेले. लिबियाला शिकवलेला धडा लिबियाने कसा गिरवला, ते यावरून पाहा. या वेळी मात्र बॉम्ब टाकले गेले नाहीत. स्कॉटलंडच्या पोलिसांनी रानोमाळ पसरलेला ढिगारा वेचला, कपड्याच्या चिंध्या आणि सर्किटचा नखाएवढा तुकडा गोळा केला आणि १९९१ मध्ये दोन लिबियन माणसांवर आरोप ठेवले. लिबियाचा हुकूमशहा गडाफी त्यांना सोपवेना. सुरक्षा परिषदेने १९९२ मध्ये लिबियाची विमानवाहतूक आणि शस्त्रखरेदी बंद केली, पुढच्या वर्षी पैसेही गोठवले. १९९९ मध्ये दोघे हजर झाले. नेदरलँड्समधल्या एका जुन्या हवाई तळावर स्कॉटलंडचं कोर्ट भरलं, स्कॉटिश कायदा आणि स्कॉटिश न्यायाधीश. जानेवारी २००१ मध्ये एकाला जन्मठेप झाली, दुसरा सुटला. २००३ मध्ये लिबियाने जबाबदारी मान्य केली आणि नुकसानभरपाई कबूल केली.

बारा वर्षं लागली. पुढे त्या शिक्षा झालेल्याला कॅन्सरच्या कारणावरून २००९ मध्ये सोडलं, तेव्हा मृतांच्या घरच्यांनी संताप केला, आणि तो रास्त होता. हे लपवून मला काही सिद्ध करायचं नाही. पण समन्स बजावलं गेलं, एवढं त्या हिंजवडीच्या मुलाला सांगा.

दुसरी गोष्ट मामा-भाच्यांची. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात पहिला स्फोट घडवणारा रमझी युसुफ हा भाचा, आणि ११ सप्टेंबर २००१ चा आराखडा रचणारा खालिद शेख मोहम्मद हा त्याचा मामा. भाचा १९९५ मध्ये इस्लामाबादेत सापडला. त्याला न्यूयॉर्कला नेऊन साध्या कोर्टात, ज्युरीपुढे, वकील देऊन उभं केलं. तीन वर्षांच्या आत दोषी ठरून २४० वर्षांची शिक्षा लागली. आज त्याचं नाव कोणाच्या ध्यानातही नाही. मामा २००३ मध्ये रावळपिंडीत सापडला. तेव्हा 'दहशतवादाविरुद्ध युद्ध' सुरू होतं, म्हणून त्याला गुप्त तळांवर ठेवून नाकातोंडात पाणी सोडलं आणि मग ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात डांबलं. आज २२ वर्षं झाली, निकाल नाही. छळ करून काढलेला जबाब पुराव्यात टिकेना, आणि त्या दिवशी गेलेल्या २,९७७ माणसांच्या घरचे अजून तारखा मोजताहेत. मामा एवढा बडा असून त्याचा खटला बुडाला, तो युद्धाच्या घाईनेच. अफगाणिस्तानात त्याच युद्धाची वीस वर्षं झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये परत तालिबानच येऊन बसले.

यावर तुम्ही म्हणाल की अमेरिकेचं अमेरिकेपाशी, आपला शेजारी वेगळा आहे. आहेच. मग आपलंच पाहू.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. तरी त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, स्वतः गोळ्या खाल्ल्या आणि तो जिवंत हाती लागला. त्या एका जिवंत आरोपीमुळे १६६ माणसांच्या मृत्यूचा सगळा माग कोर्टाच्या दप्तरात आला. बोटीच्या इंजिनापासून जीपीएसपर्यंतचा पुरावा मांडला गेला, अमेरिकेच्या एफबीआयचे अधिकारी मुंबईत येऊन साक्ष देऊन गेले. विशेष न्यायालयाने त्याला फाशी दिली, आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडलं. मला अभिमान आहे तो या दुसऱ्या वाक्याचा जास्त. चिडलेल्या शहरात बसून न्यायाधीशाने तसं लिहायला छाती लागते. उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं, दयेचा अर्ज झाला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला आमच्या येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. चार वर्षांत सगळं. पाकिस्तानला तो आपला नागरिक असल्याचं कबूल करावं लागलं, ते या तपासामुळे.

(येरवड्याला ही नवलाई नाही. माजी लष्करप्रमुख अरुणकुमार वैद्य यांना १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात, स्वतः गाडी चालवत घरी परतताना मारलं. मी तेव्हा नोकरीत नवी होते. त्या कोर्टात माझी नेमणूक नव्हती, पण जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत दुसरा विषय नसे. खटला इथंच पुण्यात चालला आणि दोघांना १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. फाशीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.)

कसाबच्या दप्तरातून पुढे धागे निघाले. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली, जो पुण्यातही टेहळणी करून गेला होता, अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगतो आहे. २०१६ मध्ये त्याने तिथूनच व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टाला साक्ष दिली. साक्ष उतरवणाऱ्या त्या सहकाऱ्याचा मला हेवा वाटला होता, दोन खंडांमधला उलटतपास उतरवायला कोणाला मिळतो! आणि त्याच कटातला आरोपी तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ ला अमेरिकेने आपल्या ताब्यात दिलं. पहलगामच्या बरोब्बर बारा दिवस आधी. त्या बारा दिवसांनंतर त्याचं नाव पेपरात शोधावं लागलं.

शेजाऱ्याच्या दारावर समन्स डकवण्याचं काम कोणी केलं असेल तर ते एफएटीएफने. दहशतवादाला जाणाऱ्या पैशांवर नजर ठेवणारी ही पॅरिसची संस्था. तिच्यापाशी तोफ नाही, एक यादी आहे. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान तिच्या 'ग्रे लिस्ट'वर, म्हणजे खास देखरेखीखालच्या देशांच्या यादीवर होता, आणि सुटायला एकूण ३४ अटी पुऱ्या कराव्या लागल्या. आता २६/११ च्या सूत्रधारांच्या तारखा जुळवून पाहा. लखवीला पाकिस्तानने २०१५ मध्ये जामिनावर सोडलं होतं. यादीवर आल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, त्याच लखवीला शिक्षा झाली. हाफिज सईदला फेब्रुवारी २०२० मध्ये झाली. साजिद मीर तर मेला आहे असं जगाला सांगितलं जात होतं. २०२२ मध्ये तो जिवंत निघाला आणि त्याला १५ वर्षं झाली. मेलेला माणूस जिवंत करणारी यादी मी तरी दुसरी पाहिली नाही. या शिक्षा पैसे पुरवण्याच्या गुन्ह्यासाठी होत्या, २६/११ च्या खुनांसाठी नव्हत्या, हे खरं आहे. नाव निघाल्यावर दाब सैल झाला, असंही मला वाटतं. पण बालाकोटला जाऊन आलेल्या विमानांमुळे यातला एकही जण तुरुंगात गेला नव्हता.

आता तुम्हाला कडू वाटेल ते. कायद्याची वाट धरायची तर ती नीट धरावी लागते, आणि तिथं आपणच कच्चे पडतो. याच जुलैत, दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ तारखेला २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतले बाराही जण उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, १९ वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, एवढंच. ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही जण सुटले, १७ वर्षांनी. पहिल्या निकालावर एक बाजू हळहळली आणि दुसरीने पेढे वाटले, दुसऱ्या निकालावर बाजू बदलल्या. तुमच्यातल्याही काहींच्या प्रतिक्रिया मी वाचल्या. लोकलमधली आणि मालेगावच्या भिक्कू चौकातली माणसं मारली कोणी, हे मात्र दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही. जर्मन बेकरीच्या खटल्यात पुण्याच्या कोर्टाने २०१३ मध्ये दिलेली फाशी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी राहिली.

हे असं का होतं, ते मी जवळून पाहिलंय. एका खटल्यात, नाव घेत नाही, एक चहावाला साक्षीदार होता. बॉम्बखटला नव्हता, पण गंभीर होता. तो अकरा वेळा कोर्टात आला. कधी वकील गैरहजर, कधी मुद्देमाल आणलेला नाही, कधी आरोपीची गाडी नाही. दर वेळी हजेरीचा भत्ता घ्यायला दिवसभर थांबायचा, तो त्याच्या एका दिवसाच्या गल्ल्याच्या निम्माही नसे. बाराव्या वेळी तो म्हणाला, "मला काही आठवत नाही." मी ते उतरवून घेतलं. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं, तेही उतरवून घेतलं. फितूर कोण झालं होतं, ते रोजनाम्यात लिहायची सोय नसते.

एफएटीएफने २०२४ मध्ये आपल्या देशाचंही मूल्यमापन केलं. एकंदर चांगले गुण दिले, पण खटले रेंगाळतात असा शेरा मारला. दुसऱ्याच्या दारावर समन्स डकवणाऱ्याचं स्वतःचं दप्तर स्वच्छ लागतं.

तुमच्यातल्या काहींनी मे-जूनमध्ये सर्वपक्षीय शिष्टमंडळांतून देशोदेशी जाऊन भारताची बाजू मांडली. सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांनी तर एकेका शिष्टमंडळाचं नेतृत्व केलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका विमानात बसले, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. मग जुलैच्या शेवटी लोकसभेत ऑपरेशन सिंदूरवर चर्चा झाली. मी सवयीने वही घेऊन बसले होते. विमानं किती पडली, युद्धबंदी कोणी केली, १९६२ मध्ये कोण चुकलं, १९७१ मध्ये कोण जिंकलं, यांनी पानं भरली. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा मांडला होता. 'दहशतवादी' कोणाला म्हणायचं या व्याख्येवर तो २९ वर्षं अडकून पडला आहे. त्यासाठी ज्या देशांत तुम्ही गेलात, त्यांच्यापाशी काय मागितलं आणि ते काय म्हणाले, याचं उत्तर मला त्या पानांत सापडलं नाही.

जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घालायला आपल्याला २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं लागली, चीन दर वेळी आडवा येत होता. तरी आपल्या मुत्सद्द्यांनी चिकाटी सोडली नाही. त्यांच्यासाठी जिन्यात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुरक्षा परिषदेचा २००१ चा १३७३ क्रमांकाचा ठराव प्रत्येक देशावर बंधन घालतो की दहशतवाद्याला आसरा द्यायचा नाही, पैसा गोठवायचा, खटला चालवायचा. तो पाळला जात नाही, हे आपण म्हणतो ते बरोबरच. पण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारावर आपण स्वतः आजवर सही केलेली नाही, हेही सांगायला हवं. कारणं आहेत, त्यांतली काही मला पटतातही. तरी जगाकडे कोर्ट मागणाऱ्याने कोर्टाच्या पायरीला वळसा घालून जायचं, हे जरा अवघड दिसतं.

२८ जुलैला श्रीनगरजवळ पहलगामचे तिघे मारेकरी ठार झाले. हातात बंदूक असलेल्याशी जवानांनी दुसरं काय करायचं? त्यावर माझी तक्रार नाही. पण ओंबळ्यांसारखं कोणाला जमलं नाही, आणि आदेश कोणाचा होता हे त्या तिघांच्या तोंडून आता कळणार नाही. त्यांना आसरा देणारे दोघे जूनमध्ये पकडलेत. तो खटला १९ वर्षं चालून संशयाचा फायदा देऊन संपू नये, एवढी काळजी आत्तापासून घ्या. पाठवणाऱ्यांचा माग त्याच दप्तरातून काढावा लागेल.

खाली चौकात मांडव घालायला सुरुवात झाली आहे. यंदा निम्म्या मंडळांच्या देखाव्यात क्षेपणास्त्रं असणार, मी पैज लावायला तयार आहे. कार्यकर्ते वर्गणीला आले तेव्हा मी म्हटलं, ओंबळ्यांचा देखावा करा, नुसती काठी पुरेल, खर्चही कमी. ते म्हणाले, "काकू, गर्दी होणार नाही."

गर्दीची काळजी त्यांना असू द्या. तुमच्याकडे माझी मागणी छोटी आहे. हिवाळी अधिवेशनात ६७ पैकी एकाने तरी तारांकित प्रश्न विचारावा. राणाचा खटला कुठवर आला, पहलगामच्या खटल्याला रोज सुनावणी घेणारं कोर्ट आणि पूर्णवेळ सरकारी वकील कधी मिळणार, साक्षीदारांना संरक्षण कोण देणार, पाकिस्तानचं नाव पुन्हा यादीवर यावं म्हणून एफएटीएफकडे कोणता पुरावा दिला, आणि १९९६ च्या मसुद्यासाठी शिष्टमंडळांनी कोणाचा शब्द आणला. प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून आत्ताच लिहिते आहे. मसुदा मी टाइप करून ठेवला आहे. दुरुस्त्या असतील तर सांगा, माझा वेग अजून कमी झालेला नाही.

कळावे,

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
नारायण पेठ, पुणे